‘नम्र राहा’ हे कोण कोणाला म्हणायलंय, ते आधी बघा

सलाम भाऊ. तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत, आणि ते एकमेकात असे गुंतलेत की तुम्हाला त्रास नेमका कशाचा होतोय तेच कळेना झालंय. तर आधी तुमचंच म्हणणं माझ्या शब्दात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल.

तुम्ही लातूरकडच्या एका ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) कीबोर्ड वाजवता, उपासनेत गाणी घेता. लोक कौतुक करतात, रील टाकता त्याला लाइक येतात. मंडळीतल्या एका वडिलांनी, म्हणजे कारभार बघणाऱ्या ज्येष्ठ माणसानं, सगळ्यांसमोर म्हटलं की या पोराला गर्व चढलाय. तेव्हापासून तुम्ही गाणं सोडलं, कुणी काही बोललं की ‘मी काहीच नाही, मी धूळ आहे’ म्हणायला लागले, पण आतून बघितलं तर आता आधीपेक्षा जास्त स्वतःचाच विचार येतो, मधूनच वाटतं की बघा मी किती नम्र झालो, आणि मग त्याचाच अपराधीपणा. आणि अगदी शेवटी, जाता जाता एका ओळीत लिहिलंय की हे सगळं सुगीच्या सणाच्या लिलावाचा (देवाला आणलेल्या वस्तूंवर बोली लावून मंडळीसाठी पैसे जमवतात त्याचा) हिशोब तुम्ही विचारला त्याच्या पुढच्याच रविवारी झालं.

ती ओळ तुम्ही शेवटी टाकली, मी ती पहिली धरतो.

मी जालना, परतूर, सेलू या पट्ट्यात बरीच वर्षं पाळक (पास्टर) म्हणून काम करायलोय, छोट्या मंडळ्या, कुठं पन्नास माणसं कुठं दीडशे. ‘गर्व सोडून नम्र कसं व्हायचं’ हा प्रश्न घेऊन येणारी माणसं मला दोन प्रकारची दिसतात. काहींना खरंच गर्व असतो, पण ती माणसं हा प्रश्न घेऊन क्वचितच येतात. जास्त करून येतात ती दुसरी, म्हणजे ज्यांना कुणीतरी ‘तू गर्विष्ठ आहेस’ म्हणून गप्प केलेलं असतं. तुमच्यात दोन्ही थोडं थोडं असावं असं मला वाटतं, आणि म्हणून दोन्हीची उत्तरं वेगवेगळी देतो.

पण आधी एक सांगून ठेवतो, मी तुमचीच बाजू ऐकलीय. त्या वडिलांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही, कदाचित हिशोबाचा आणि त्यांच्या बोलण्याचा काही संबंधच नसेल. तुमची मंडळी कोणती तेही तुम्ही लिहिलं नाही. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) सारख्या जुन्या मंडळीत पास्टोरेट कमिटी, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारी समिती असते, वार्षिक सभा असते, हिशोब मांडायची एक जागा ठरलेली असते. एखाद्या स्वतंत्र मंडळीत पाळकच सगळं असतो, बायको खजिनदार आणि मेव्हणा सेक्रेटरी. दोन्हीकडे नम्रतेचा अर्थ एकच, पण वागायची रीत वेगळी पडते.

आता आपल्या भागाचं थोडं बोलू, कारण हे बोलल्याशिवाय नम्रतेवर बोलणं मला मराठवाड्यात तरी बरोबर वाटत नाही. आपल्या मंडळ्यांमधल्या बहुतेकांचे आजे-पणजे कोण होते ते आपल्याला माहीत आहे. गावाबाहेर राहणारे, पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना पायातलं काढून हातात घेणारे, निजामाच्या राज्यात वेठबिगार केलेले. त्यांना कुणी ‘नम्र हो’ म्हणून शिकवायची गरजच नव्हती, गावानं पिढ्यान्‌पिढ्या त्यांना वाकवूनच ठेवलं होतं. नारायण शेषाद्री, ब्राह्मण घरातला माणूस, 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढं जालन्याला येऊन याच लोकांत काम केलं आणि जालन्याजवळ बेथेल गाव वसवलं. या भागात सुवार्ता आली ती अशी, माणसाला आधी ताठ उभं राहायला जागा देत. त्याच लोकांच्या नातवाला आज मंडळीतलाच कुणी म्हणायला लागला की नम्र राहा, वर बघून बोलू नको, तर मी पहिलं हेच विचारतो की हे कोण कोणाला सांगतंय? खालचा वरच्याला सांगतोय की वरचा खालच्याला?

लूकच्या 13 व्या अध्यायात एक बाई आहे, 18 वर्षं वाकलेली, तिला सरळ उभंच राहता येत नव्हतं. येशूनं तिला सभास्थानात पुढं बोलावलं, तिच्यावर हात ठेवले आणि ती नीट उभी राहिली. राग कुणाला आला? सभास्थानाच्या अधिकाऱ्याला. त्याचं म्हणणं, सहा दिवस आहेत ना कामाचे, त्या दिवशी या की बरं व्हायला, शब्बाथाला, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी कशाला. येशूनं त्याला ढोंगी म्हटलं आणि त्या बाईला अब्राहामाची लेक म्हटलं. वाकलेल्या माणसाला येशूनं अजून वाक म्हटल्याचं मला शुभवर्तमानात कुठं सापडत नाही. वाकायला त्यानं सांगितलं ते परूश्यांना, म्हणजे स्वतःला धार्मिक समजणाऱ्यांना, मेजवानीत पुढची जागा पकडणाऱ्यांना, आणि ‘आमच्यात मोठा कोण’ म्हणून भांडणाऱ्या स्वतःच्या शिष्यांना.

पौलाचं तर अजून स्पष्ट आहे. ज्या फिलिप्पैच्या मंडळीला त्यानं नम्रतेवरचा तो प्रसिद्ध दुसरा अध्याय लिहिला, ख्रिस्तानं स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, क्रुसावरचं मरण सोसलं, त्याच फिलिप्पैमध्ये त्याचं काय झालं होतं ते प्रेषितांच्या कृत्यांच्या 16 व्या अध्यायात वाचा. चौकशी न करता त्याला आणि त्याचा सोबती सीला याला छड्या मारल्या, तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला, सोडून द्या त्यांना. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, चौकशीशिवाय चारचौघात मारलं आणि आता गुपचूप घालवून देता काय, जमणार नाही, त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते आले, विनवण्या करत आले. आता हाच माणूस पुढं त्याच गावाला नम्रतेचं पत्र लिहितो आणि त्या मंडळीला त्यात काही विसंगत वाटत नाही, उलट त्याच तुरुंगाचा जेलर, जो त्या रात्री विश्वासात आला, तो बिचारा तिथंच बसून ते पत्र ऐकत असेल.

म्हणजे अन्याय झाला तर तो अन्याय आहे असं सांगणं गर्व नाही. हिशोब विचारणं तर नाहीच नाही. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा पौलानं आपला सोबती तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला दुसरा भाऊ पाठवला, का, तर एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कुणी आम्हाला नाव ठेवू नये म्हणून. 2 करिंथच्या 8 व्या अध्यायात आहे. पौलासारख्या माणसाला स्वतःवर लक्ष ठेवायला साक्षीदार लागतो, आणि आपल्या खजिनदाराला विचारलं की तो म्हणतो विश्वास नाही का आमच्यावर! तुमच्या चर्चचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे हिशोब ठेवणं आणि तपासून घेणं ही विश्वस्तांचीच जबाबदारी आहे, कुणाचे उपकार नाहीत ते.

तर हिशोब विचारा. पण विचारायची रीत असते आणि तुमच्या गर्वाचा जो खरा भाग आहे तो मला तिथं दिसतो, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्ही लिहिलंय की हिशोब तुम्ही व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारला, रात्री, त्या खजिनदाराला टॅग करून, आणि लोकांनी अंगठे दिले तेव्हा बरं वाटलं. ते ‘बरं वाटलं’ तुम्ही स्वतःच लिहिलंय म्हणून सांगतो, त्यातच बघा. मत्तयच्या 18 व्या अध्यायात पायऱ्या दिल्यात, आधी एकट्यानं जा, नाही ऐकलं तर एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांगा. तुम्ही तिसरी पायरी पहिली घेतली. आता परत पहिल्यापासून जा. खजिनदाराच्या घरी जा, चहा घ्या, आणि म्हणा की मी ग्रुपवर टाकलं ते चुकलं, पण प्रश्न माझा तसाच आहे, लिलावाचे किती जमले आणि कुठं गेले ते मला कमिटीत मांडलेलं हवंय. दोन्ही वाक्यं म्हणायची, पहिलं म्हणून दुसरं गिळायचं नाही. आणि जायच्या आधी स्वतःला विचारा, मला हिशोब पाहिजे का हा माणूस पडलेला पाहिजे? हिशोब बरोबर निघाला तर मला आनंद होईल का थोडं वाईट वाटेल? वाईट वाटणार असेल तर अजून दोन दिवस थांबून जा. आणि बरोबर निघालाच तर ज्या ग्रुपवर विचारलं त्याच ग्रुपवर लिहा की हिशोब बघितला, बरोबर आहे. बऱ्याच जणांना हे शेवटचं वाक्य टाइप करायला लई जड जातं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी पोरांना नेहमी देतो. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर लोकांनी त्यांना आधार दिला, पण बाई प्रश्न विचारायच्या, धर्मशिक्षणातलं पटलं नाही की पटलं नाही म्हणायच्या, क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको इथपर्यंत. त्यांच्यावर गर्वाचा, हट्टीपणाचा ठपका आला. त्यांनी उत्तर दिलं त्याचा आशय असा, की मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, ती मी कुणाकडे गहाण टाकणार नाही. आणि मग हीच बाई केडगावला मुक्ती मिशनमध्ये काय करत होती? दुष्काळातल्या उपाशी, आजारी, अंगावर धड कपडा नसलेल्या पोरी आणून स्वतःजवळ ठेवत होती. कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला पंडिता आणि सरस्वती म्हटलं तिनं हे केलं. वाँटेजची ताठ बाई आणि केडगावची वाकलेली बाई या दोन नव्हेत. मला तर वाटतं पहिली होती म्हणूनच दुसरी जमली.

हेच योहानच्या 13 व्या अध्यायात आहे आणि तिथली एक ओळ लोक वाचतात पण थांबत नाहीत. पाय धुण्याच्या आधी लिहिलंय की पित्यानं सगळं आपल्या हाती दिलंय, आपण देवाकडून आलो आणि देवाकडे जातोय हे येशूला माहीत होतं, आणि हे माहीत असताना तो जेवणावरून उठला, कमरेला रुमाल बांधला. आपण कोण हे पक्कं माहीत असलेल्या माणसाला खाली बसायची भीती वाटत नाही. ज्याला ते माहीत नाही तो एकतर खाली बसतच नाही, नाहीतर बसतो आणि कुणी बघितलं का म्हणून मान वळवतो. (आपल्याकडे पवित्र गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पाय धुवायचा विधी होतो तेव्हा लोक घरून साबणानं पाय घासून, नवे मोजे घालून येतात. मी दरवर्षी मनातल्या मनात हसतो. एप्रिलच्या उन्हात टँकरची वाट बघणाऱ्या वस्तीत पाणी दोनदा वाया.)

म्हणून भाऊ, तुमचं ‘मी धूळ आहे, मी काहीच नाही’ हे बंद करा. एकतर ते खरं नाही, तुम्हाला वाजवता येतं आणि चांगलं येतं, गावाला माहीत आहे. दुसरं म्हणजे त्या वाक्यातही विषय तुम्हीच आहात. झोप लागली का नाही ते बघत पडलं की झोप लागत नाही, तसं नम्र झालो का ते बघत बसलं की माणूस नम्र होत नाही. फिलिप्पैच्या पत्रात पौलानं बघायचं कुठं तेच सांगितलंय, प्रत्येकानं आपलंच नाही तर दुसऱ्याचंही हित बघा. तुमची नजर दिवसभरात कुणाकडे गेली, कुणाचं अडलेलं तुमच्या लक्षात आलं, एवढंच विचारा. सहाव्या शतकात बेनेडिक्ट नावाच्या संतानं मठासाठी नियम लिहिले त्यात नम्रतेच्या 12 पायऱ्या दिल्यात, चांगल्या आहेत, पण मी तरुण पोरांना त्या देत नाही, कारण पोरं लगेच मोजायला लागतात की मी सहावीवर आहे आणि तो अजून तिसरीवर.

बरं, आता दुसरा प्रश्न. त्या वडिलांचा हेतू काही असो, पण त्यांनी म्हटलं त्यात काही खरं असेल तर? असू शकतं. ज्याच्या हातात माईक असतो त्याला गर्वाची लागण व्हायला वेळ लागत नाही, मी पाळक लोकांबद्दल पण हेच म्हणतो, आपल्याकडे चौकात पाळकांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागायलेत, नावाच्या आधी इतक्या पदव्या की नाव शोधावं लागतं. पण गर्व आहे का नाही हे कसं ओळखायचं? कौतुक आवडतं यावरून नाही ओळखता येत. कौतुक सगळ्यांनाच आवडतं. माझ्या अनुभवात गर्व दिसतो तो माणसाला कुणी अडवलं की.

बायबलमधल्या दोन माणसांची गोष्ट शेजारी-शेजारी ठेवून सांगतो. पहिला उज्जीया राजा, 2 इतिहास 26. सोळा वर्षांचा असताना गादीवर बसला, 52 वर्षं राज्य केलं. आपल्या लोकांना हा राजा आवडावा असा, कारण त्यानं रानात बुरूज बांधले, पाण्याचे हौद खोदले, गुरंढोरं लई, शेतकरी आणि द्राक्षमळे राखणारे कामाला, आणि लिहिलंय की त्याला शेतीची आवड होती. सैन्य मोठं, बुरुजांवर दगड-बाण फेकायची यंत्रं. देवानंच त्याला मदत केली होती. मग तो बळकट झाला आणि त्याचं मन चढलं, आणि तो धूप जाळायला मंदिरात शिरला, जे काम याजकांचं (मंदिरातल्या पुरोहितांचं) होतं. अजऱ्या याजक आणि त्याच्याबरोबर 80 याजक त्याच्यासमोर उभे राहिले, म्हणाले राजा हे तुझं काम नाही, बाहेर जा. आता बघा, या क्षणापर्यंत परत फिरायला वाव होता. तो चिडला. हातात धुपाटणं आणि याजकांवर संताप, तेवढ्यात कपाळावर कोड उठलं. मरेपर्यंत वेगळ्या घरात राहिला, कारभार पोरानं बघितला.

दुसरा नामान, 2 राजे 5. अरामाचा सेनापती, आणि याला आधीपासूनच कोड. घरातली एक पकडून आणलेली इस्राएली पोरगी सांगते की शोमरोनात एक संदेष्टा आहे. हा घोडे-रथ घेऊन अलीशाच्या दारात. अलीशा बाहेरसुद्धा आला नाही, माणूस पाठवून सांगितलं की यार्देनेत सात वेळा आंघोळ कर. नामान संतापला. त्याचं म्हणणं, मला वाटलं तो बाहेर येईल, उभा राहून देवाचं नाव घेईल, जागेवरून हात फिरवील, आणि नदीच पाहिजे तर आमच्या दिमिष्काच्या नद्या काय वाईट आहेत का. निघाला तरातरा. म्हणजे हाही चिडला, तेवढाच चिडला. फरक इथून पुढं. त्याच्या नोकरांनी म्हटलं, बाबा, त्यानं काही मोठं अवघड करायला सांगितलं असतं तर तुम्ही केलं असतं ना, मग हे तर साधं आहे. आणि तो नोकरांचं ऐकून नदीत उतरला. एकाचं कोड गेलं आणि एकाचं आलं.

चिडणं दोघांनाही चुकलं नाही, तुम्हालाही चुकणार नाही. ‘याला गर्व चढलाय’ असं चारचौघात ऐकल्यावर ज्याला काहीच वाटत नाही तो माणूस मी अजून बघितला नाही. तुम्ही मला विचारता ना, प्रत्यक्षात काय करू, तर माझं उत्तर जास्त करून इथंच आहे, चिडल्यानंतरचे दोन-तीन दिवस. त्यात गाणं सोडायचं नाही, कारण ‘जा, मग वाजवा तुम्हीच’ म्हणून रुसून बसणं हे नामाननं रथ वळवला तसंच आहे. उत्तरही द्यायचं नाही लगेच. एक माणूस असा निवडा जो तुमच्यावर प्रेम करतो पण तुमच्या गाण्याचा फॅन नाही. बहुतेकांच्या बाबतीत ती बायको असते, नाहीतर मोठी बहीण. तिला विचारा, मंडळीत मी कसा वागतो ते सांग, आणि ती बोलताना मध्ये ‘पण’ म्हणू नका. ती जे सांगेल त्यातलं एक, फक्त एक, खरं म्हणून उचला. बाकीचं देवासमोर ठेवा. पुढच्या आठवड्यात त्या वडिलांना जाऊन सांगा, तुम्ही म्हणालात त्यातलं हे मला पटलं, हे मी बदलतोय, बाकीचं मला पटलं नाही, आणि हिशोबाचा विषय वेगळा आहे तो मी कमिटीत नेतोय. एवढं बोलायला नम्रताही लागते आणि कणाही लागतो. एकच असेल तर हे बोलणं जमत नाही, करून बघा.

गाण्याबद्दल. रविवारी गा. कुणी म्हटलं छान झालं तर ‘थँक्यू, बरं वाटलं’ म्हणा आणि त्यांच्या गुडघ्याचं किंवा पोराच्या बारावीचं विचारा. पाच मिनिटं ‘नाही नाही, सगळं गौरव प्रभूला, मी तर निस्तं पात्र’ असं सांगत बसलं की समोरच्याला अजून दोनदा कौतुक करावं लागतं. गौरव प्रभूला द्यायचं ते प्रार्थनेत द्या, तिथं तो ऐकतोच.

आणि कुणाला तरी शिकवा. हे मी वाजवणाऱ्या, गाणाऱ्या, उपदेश करणाऱ्या सगळ्यांना सांगतो आणि याच्याइतकं काम करणारं दुसरं मला काही सापडलं नाही. मंडळीतल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला कीबोर्ड शिकवा, आणि अर्धवट शिकवून सोडू नका, तुमच्या जागेवर बसेल इतकं शिकवा, तुमच्या ठेवणीतल्या गोष्टींसकट. मग एका रविवारी त्याला बसवा आणि तुम्ही मागच्या सतरंजीवर बसा. लोक त्याचं कौतुक करतील. तेव्हा पोटात जे होतं ना, ते प्रार्थनेत देवाला जसंच्या तसं सांगा, सजवू नका. ‘प्रभू, तो चुकला असता तर मला बरं वाटलं असतं’ असं सुद्धा सांगा. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे त्याचे शिष्य तक्रार घेऊन आले होते की सगळे येशूकडेच जायलेत, तेव्हा योहान म्हणाला त्याची वाढ व्हावी, माझा ऱ्हास व्हावा. आपल्याला ते एका दमात म्हणता येणार नाही, पण मागच्या सतरंजीवर बसता येतं.

प्रीतिभोजनानंतर भांडी घासा, चर्च झाडा, ते सगळे सांगतात, करा, चांगलंच आहे. फक्त फोटो काढू नका. मत्तय 6 माहीत आहेच, चांगलं काम लोकांना दाखवायला करू नका.

सुगीच्या लिलावात मात्र जरा सांभाळा, हे कुणी बोलत नाही म्हणून बोलतो. कोंबडा, नारळ, भोपळा, ज्वारीची पायली, सगळं देवाला आणलेलं, आणि मग बोली लागते, ह्याचे दोन हजार, त्याचे तीन, आणि एक भोपळा नऊ हजाराला जातो. देणं चांगलं, मंडळी त्यावर चालते, मी त्याच्या विरोधात नाही. पण जी म्हातारी दहा रुपये पाकिटात घालून गुपचूप टाकून जाते तिचं नाव माईकवर येत नाही. तुमच्या मंडळीत बोली लावणारे कोण आणि तुमच्यावर बोलणारे कोण ते मला माहीत नाही, पण माझ्या मंडळ्यांत ज्यांनी मोठी बोली लावली त्यांना हिशोब विचारलेला फार टोचतो, असं मी बघितलंय. ते टोचणं का असतं याचा विचार त्यांनी करावा. तुमचा प्रश्न त्यामुळे चुकीचा ठरत नाही, पण कमिटीत बोलताना ‘एवढे दिले त्यांनी’ आणि ‘काहीच दिलं नाही यानं’ असं कुणाचंच नाव काढू नका, फक्त जमा आणि खर्च.

राहिलं रील. बंद करायची गरज नाही. गावाकडची दवाखान्यात पडलेली माणसं सुद्धा ते बघतात, मला माहीत आहे. पण पेज तुमच्या नावाचं आहे ते मंडळीच्या गायकवृंदाच्या नावानं करा, पासवर्ड अजून एकाकडे द्या, आणि दर वेळी कॅमेरा तुमच्यावरच नको, कोरसमधल्या बायकांवर पण जाऊ द्या, त्या तुमच्या जन्माच्या आधीपासून गायलेत. कमेंट वाचायचं काम महिनाभर त्या दुसऱ्याला द्या. आणि रीलच्या खाली ‘देवाचा दास’ लिहिलंय तुम्ही, ते काढून गाणं कुणी लिहिलंय ते लिहा.